मार्जिन

मे महिन्यात आमच्या सोलापुरात कात्रीसुद्धा तापते.
टेबलावर चाळीस थर निळं कापड,
वर खडूची रेघ, आणि मी.
वीस वर्षं लोकांची पोरं शाळेत पाठवतोय,
मापानं.

दुकानात होतो तेव्हा प्रत्येक आई एकच सांगायची,
मास्तर, आत जरा मार्जिन सोडा, पोरगं वाढतंय.
सोडायचो. बाहीत अर्धा इंच, खाली दुमडून दोन.
व्यापाऱ्याचं मार्जिन वेगळं, आमचं वेगळं.

आता माझं सांगतो.

पहिल्यांदा इरण्णाबरोबर भागीदारी.
लातूरच्या शाळेचे चारशे शर्ट.
शेवटच्या रात्री मीच मार्कर आडवा टाकला,
चौकडी कुठंच जुळेना.
झोप नव्हती, असं सांगितलं.
झोप झाली होती.

दुसऱ्यांदा बँकेनं कर्ज मंजूर केलं,
अकराला सहीला बोलावलं.
मी सिद्धेश्वर तळ्यावर माशांना मुरमुरे टाकत बसलो
बँक मिटेपर्यंत.
घरी म्हणालो, साहेब रजेवर.
नागमणी काही बोलली नाही.
कडक भाकरी मोडली फक्त,
मला कळावं एवढ्या आवाजात.

लोक म्हणतात नशीब.
नशिबाला एवढं बारीक कटिंग जमत नाही.
हात माझाच आहे, ओळखतो मी.

परवा रात्री लाईट गेली.
तिसरी ऑर्डर, तीनशे स्कर्ट, सकाळी गाडी येणार.
अंधारात हात मोबाईलकडे गेला,
जमणार नाही ओ, तब्येत बरी नाही,
वाक्य तोंडात तयार.
नंबर लावायच्या आधी, का कोण जाणे,
पेढ्यांचा वास आला.

नायना गिरणीत जॉबर झाले त्या दिवशीचा.
गल्लीभर वाटले होते त्यांनी, मारुतीच्या देवळापासून
यादम्माच्या विडीच्या सुपापर्यंत.
एकविसाव्या दिवशी भोंगा झाला नाही.
गेटवर कागद, गेटसमोर माणसं,
आणि घरात रिकामा खोका, आत तेलकट कागद.
आई म्हणाली, एवढं हसायचं नव्हतं.
मी नऊ वर्षांचा. लिहून घेतलं
आत कुठंतरी, खडूनं नाही, शाईनं.

म्हणून हे.
गेट बंद व्हायचंच आहे तर मीच करतो,
निदान तारीख माझी राहील.
असा हुशार आहे माझा हात.
नऊ वर्षांच्या पोराला वाचवतोय अजून,
आणि पोरगं बेचाळीसचं झालंय.
शर्ट काखेत काचतोय,
आत कुणी मार्जिन सोडलंच नव्हतं.

फोन पालथा ठेवला.
हात थरथरत होता, तो तसाच कामाला लावला.
नागमणीनं मेणबत्ती धरली,
मेण पडेल म्हणाली, पडू दे म्हणालो,
पडलं नाही.

पहाटे मोजलं तर सात पट्ट्या उलट्या लागलेल्या.
छाती म्हणाली, बघ, झालं ना? फेकून दे सगळं.
पण फाडणं वेगळं, उसवणं वेगळं.
फाडायला राग पुरतो.
उसवायला सुई लागते, चष्मा लागतो,
एकेक टाका धरून बसावं लागतं
जिथं चुकलं तिथंच.

गाडीवाल्याला सांगितलं,
दोनशे त्र्याण्णव घ्या, सात दुपारी देतो.
तो म्हणाला, बरं.
बरं!
वीस वर्षं मी या एका शब्दाला भीत होतो.

परत येताना पावशेर पेढे घेतले.
वाटले नाहीत अजून.
कपाटात वर ठेवलेत, चादरींच्या मागं.
रोज एक खातो, दार लावून.
आज नागमणीनं उघडं पाहिलं, विचारलं,
कशाचे ओ?
तोंड भरलेलं होतं.
मी डबा पुढं केला.